चार-ब

दाळ मिलच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस.
खिडकी उघडली की कीबोर्डवर
तुरीची पिवळी भुकटी बसते,
म्हणून उघडत नाही.
आत दोन पक्ष.

बिराजदार सर म्हणतात, यूज केस लिहा.
गाडी आवारात शिरते, इथून सुरुवात.
सौदा, माप, पट्टी, पैसे,
आणि प्रत्येक पायरीखाली : हे बिघडलं तर?
तीन-अ, वीज गेली.
(गेली तर, असं सर लिहीत नाहीत. सर लातूरचे आहेत.)
चार-ब, पोतं फाटलं.
पाच-क, शेतकरी म्हणाला ह्या भावात देत नाही
आणि माल परत गाडीत चढवला.
बावीस पानं.
वाचताना पाठीत कळ येते,
पण एक भोक सापडत नाही.

मन्मथ पुण्यात चार वर्षं काढून परत आलेला.
त्याच्याकडे कार्डं. युजर स्टोरी.
एका कार्डावर एक माणूस, एक मागणं, एक कारण.
‘मापाडी म्हणून मला
वजन आपोआप नोंदलेलं हवं,
म्हणजे माझ्या खाडाखोडीवर
कुणी बोट ठेवणार नाही.’
हे गौसपाशांचं. तिसऱ्या चहाला निघालं.
बावीस पानांत ते बोट कुठंच नव्हतं.

सोमवारी ठरवायचं होतं
आणि ठरवायचं मी.
म्हणून शनिवारी वही घेऊन
आडतीच्या ओट्यावर जाऊन बसले.

माझ्यासमोरच एक पोतं फाटलं.

चार-ब. अगदी तसंच.
हमाल थांबतो. माल गोळा करतो.
दुसरं पोतं. पुन्हा माप.
हमाल थांबला, माल गोळा केला,
दुसरं पोतं आलं, पुन्हा माप झालं.
मी मनात खुणा करत गेले, बरोबर, बरोबर,
आणि दहा मिनिटांत सगळं
सरांच्या पाचव्या पायरीवर येऊन उभं.

मग फरशीच्या फटीत जी उरली,
मूठभर तूर, तेवढीच माती,
तिच्यापाशी सोजरबाई आल्या. फडा, सुपली.
कुणी बोलावलं नव्हतं.
कुणी हाकललंही नाही.
आडत्यानं तेवढ्यापुरती मान वळवली,
फोन नसताना फोनवर बोलला.
ही पायरी कितव्या नंबरची?

‘काय लिहूलालीस माय?’
म्हटलं, तुमचं कार्ड. सांगा,
तुम्हाला काय पाहिजे?
कशासाठी पाहिजे?

त्या हसल्या. सुपलीतली माती
वाऱ्यावर सोडत राहिल्या जरा वेळ.
‘मला काय पायजे?
पोतं फाटलं पायजे की.
पर तसं लिहू नको.
लिहिलं की मोजतेत.
मोजलं की पट्टीवर येतंय.
पट्टीवर आलं
की त्याला मालक लागतोय.’

वहीत मी तारीख घातली होती.
खाली काही नाही.

त्या अर्ध्या किलोला मालक आहे, मला ठाऊक आहे.
ज्यानं औशाहून गाडी आणली तो.
त्याचंही एक कार्ड आहे भिंतीवर,
मीच लिहिलेलं :
‘मला दाणा न् दाण्याचा हिशोब हवा.’
रविवारी दोन वेळा ते काढलं,
दोन वेळा परत चिकटवलं.

सोमवारी मी दोन्ही निवडलं,
म्हणजे कुणालाच आवडलं नाही.
कार्डं भिंतीवर;
जिथं काटा आणि पैसा, तिथं कार्डाच्या पाठीमागं
सरांच्या पायऱ्या, टाचणी लावून.
आणि चार-बच्या शेवटी
एक ओळ माझी :
फरक अर्ध्या किलोच्या आत असेल
तर यंत्रानं विचारू नये.

मन्मथ म्हणाला, हे कुणाचं कार्ड?
सरांनी चष्मा कपाळावर नेला. का विचारू नये?

म्हटलं, वाऱ्यानं काटा हलतो.

खिडकी बंद होती.
सर बराच वेळ तिच्याकडं बघत होते.
सर लातूरचे आहेत.
पुढं विचारलं नाही.